शिडाच्या नौकेवरील पाण्याचा हिशेब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिडाच्या नौकेतून उष्णकटिबंधातील बेटे फिरणाऱ्या दांपत्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख आवडला, मात्र तो निसर्गवर्णनापुरताच राहिला, याची खंत वाटते. प्रशांत महासागरातील गॅलापागोस बेटांहून मार्केसास बेटांकडे व्यापारी वाऱ्यांच्या भरवशावर सुमारे ३,००० सागरी मैल जाताना गोडे पाणी जपूनच वापरावे लागते. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने विसळतात आणि सर आली की ताडपत्री ताणून पाणी धरतात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या आम्हा लातूरकरांना ही काटकसर मनापासून कळते; आमच्या घरी तांदूळ धुतलेले पाणी आजही तुळशीलाच जाते. या दांपत्याच्या पाणीवापरावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, लातूर