नव्व्याण्णव रुपयांतले ‘पोलिस रेकॉर्ड’

महोदय,

माझ्या ८६ वर्षांच्या सासूबाईंना दिवसभर सांभाळण्यासाठी मावशी ठेवायच्या होत्या. ब्युरोने पाठवलेल्या बाई स्वभावाने शांत वाटल्या, आधार कार्डाची प्रतही त्यांनी आपणहून पुढे केली. तरी घरात म्हातारे माणूस एकटे राहणार म्हटल्यावर मनात धाकधूक असतेच, आणि नेमकी त्याच आठवड्यात मोबाइलवर एका ‘बॅकग्राउंड चेक’ अॅपची मराठी जाहिरात वरचेवर दिसू लागली : ‘दोन मिनिटांत संपूर्ण पोलिस रेकॉर्ड, फक्त ९९ रुपयांत. समाधान न झाल्यास १०० टक्के पैसे परत.’ मी पैसे भरले. पुढे जे झाले ते केवळ माझ्यापुरते नसावे, म्हणून हे पत्र.

अहवाल खरोखरच दोन मिनिटांत आला. वर लाल अक्षरांत ‘उच्च धोका’ असे लिहिले होते, खाली बाईंच्या नावाने दुसऱ्या जिल्ह्यातील एका फौजदारी खटल्याचा क्रमांक होता, आणि त्याच्याही खाली, फिकट राखाडी रंगात, ‘संभाव्य जुळणी’ हे दोन शब्द होते, जे मला दुसऱ्या दिवशी दिसले. दोन दिवस मी त्या बाईंना ‘कळवते’ म्हणून ताटकळत ठेवले. शेवटी वकिली करणाऱ्या माझ्या भाच्याने ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर तोच खटला उघडला आणि निकालपत्र वाचून दाखवले. त्यातील आरोपी स्त्रीचे वय ६१ होते. आमच्या मावशी ३४ वर्षांच्या आहेत. भाच्याच्या या शोधाला एक पैसाही लागला नाही.

या जाहिरातींतील मूळ खोट येथे आहे. पोलिस ठाण्यांतील गुन्ह्यांच्या आणि आरोपींच्या नोंदी ज्या सीसीटीएनएस यंत्रणेत एकत्र केल्या जातात, ती पोलिसांच्या कामासाठी आहे; ९९ रुपये घेणाऱ्या अॅपला ती खुली नाही. खासगी कंपनीच्या हाती लागते ते तुम्हाआम्हालाही उपलब्ध असलेले साहित्य : न्यायालयांच्या संकेतस्थळांवरील खटल्यांच्या याद्या, पोलिसांनी प्रसिद्ध केलेले एफआयआर, आणि समाजमाध्यमांवर सापडेल ते. न्यायालयाच्या यादीत पक्षकाराचे नाव असते, पण त्यापुढे आधार क्रमांक किंवा जन्मतारीख नसते, त्यामुळे संगणक नावाला नाव जुळवून मोकळा होतो. ज्या राज्यात जाधव, पवार, शिंदे ही आडनावे गावोगावी आहेत, तेथे अशा जुळवणीतून कोणाच्या पोटावर पाय येईल याचा नेम नाही. माझे पैसे गेले ते गेले, पण त्या बाईंची दोन दिवसांची अनिश्चितता माझ्या हातून घडली, याची मला अधिक खंत आहे.

आता परताव्याविषयी. ‘समाधान न झाल्यास’ म्हणून मी पैसे परत मागितले, तेव्हा उत्तर आले की अहवाल एकदा उघडला की परतावा मिळत नाही. अहवाल न उघडता समाधान झाले नाही हे ग्राहकाने कसे ठरवायचे, या प्रश्नाला त्यांच्या ‘चॅट’वरील यंत्राने तीन वेळा तेच उत्तर दिले. ही अट होती, परंतु ती इंग्रजीत, बऱ्याच पानांच्या नियमावलीत. त्याच नियमावलीत असेही होते की ९९ रुपये हे सात दिवसांच्या चाचणीचे शुल्क असून आठव्या दिवसापासून दरमहा १,४९९ रुपये आपोआप वळते होतील. तसे ते झालेही. येथे माझी चूकही सांगायला हवी : पैसे भरताना यूपीआयवर जी परवानगी मागितली गेली ती मी न वाचता दिली, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी येणारा संदेशही आला होता, तो मी इतर जाहिरातींच्या गर्दीत पुसून टाकला. यूपीआय अॅपमधील ‘ऑटोपे’ या भागात जाऊन अशी परवानगी आपली आपल्याला रद्द करता येते, हे मला पैसे गेल्यावर समजले.

कायद्यात मात्र उणीव नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीतील दाव्याला जोडलेला खुलासा त्या दाव्याच्याच भाषेत असावा, असे २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत हा खेळ चालू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे अॅप किंवा संकेतस्थळाच्या रचनेतूनच ग्राहकाला फसवण्याच्या क्लृप्त्यांविषयीच्या, तत्त्वांत तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत सदस्यत्वाचा सापळा हा एक आहे. ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन ती महिनाभरात सोडवायची असते. माझ्या अॅपवर अशा अधिकाऱ्याचे नावच नव्हते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर २३ व्या दिवशी १,४९९ रुपये ‘सद्भावना म्हणून’ परत आले, आणि त्यासोबत अॅपवरील माझा प्रतिकूल अभिप्राय काढून टाकण्याची विनंतीही आली. अभिप्राय मी तसाच ठेवला आहे.

अमेरिकेत अटकेच्या आणि खटल्यांच्या पुष्कळ नोंदी जनतेला खुल्या असल्याने असे अहवाल विकण्याचा तेथे मोठा धंदा आहे. तेथेही सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने असे अहवाल विकणाऱ्या ट्रुथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या कंपन्यांवर कारवाई केली. केवळ वाहतुकीचे नियम मोडलेल्या माणसाच्याही नावावर गुन्हेगारी नोंद असल्याचा भास निर्माण करून सदस्यत्व विकल्याचा आरोप होता, आणि प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटले. नोंदी खुल्या असलेल्या देशात ही गत, तर आपल्याकडे ‘संपूर्ण पोलिस रेकॉर्ड’ हे शब्द जाहिरातीत येतातच कसे, हे प्राधिकरणाने स्वतःहून विचारायला हवे. माहिती नेमकी कोठून घेतली आणि व्यक्तीची ओळख कशावरून पटवली, हे जाहिरातीतच मराठीत लिहिण्याची सक्ती झाली, तर यांतील बऱ्याच जाहिराती आपोआप बंद पडतील. वृत्तपत्रांनीही अशी जाहिरात स्वीकारताना हे दोन प्रश्न विचारावेत, ही आपल्यालाही नम्र विनंती.

मुंबई पोलिसांकडे माझे मागणे त्याहून लहान आहे. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्या त्या व्यक्तीने स्वतः पोलिसांकडे अर्ज करून मिळवायचा असतो, हे ब्युरोवाल्यांनाही धड ठाऊक नाही. घरमालक भाडेकरूची माहिती ज्या ऑनलाइन अर्जात भरतात, त्याच पानावर हा दाखला कसा काढावा याची माहिती, आणि पोलिसांच्या नोंदी कोणत्याही खासगी अॅपला दिल्या जात नाहीत असे एक वाक्य, ठळक मराठीत छापावे.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई