विजोड जोडी ही करामत नव्हे, गरज

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऐतिहासिक खूनकथांवरचा लेख मनापासून आवडला, पण त्यातले एक विधान खटकले. हौशी शोधकांची विजोड जोडी ही वाचकाला रिझवण्याची ठरावीक करामत आहे, असे लेखकाने म्हटले आहे. तीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्याहून जास्त वर्षे या कथा वाचत आले, म्हणून सांगते, मला हे पटत नाही.

मुळात ‘हौशी’ हा शब्दच त्या काळाला नीट बसत नाही. लंडनमध्ये गणवेशातले पोलीस दल उभे राहिले ते १८२९ मध्ये. त्याआधी खून झाला की कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, ज्यूरी बसवून मृत्यू कशाने झाला ते ठरवी. हे पद ११९४ पासूनचे. पण साक्षीदार शोधणे, आरोपीला न्यायालयापर्यंत खेचणे हे बरेचदा मृताच्या नातेवाइकांच्याच गळ्यात पडे. मग माग काढायला निघणार कोण? घरचेच, शेजारचेच. त्या मृत्यूने ज्याची झोप उडाली तो.

आता दोघेच का, आणि तेही विजोड का? शेवटची आंघोळ घालायला बोलावलेली बाई डोळ्यांसमोर आणा. खांद्यामागचा निळा वळ, नखात अडकलेला लोकरीचा धागा तिला दिसतो. मृत्युपत्रावरची सही खोटी आहे हे मात्र तिला कळणार नाही. ते कळेल नकला उतरवणाऱ्या कारकुनाला, कारण ते हस्ताक्षर त्याच्या हाताखालून शंभरदा गेलेले असते. त्याला आतल्या दालनात कोणी पाऊल टाकू देत नाही आणि तिचा शब्द न्यायाधीश ऐकून घेत नाही. एरवी ही दोघे एकमेकांशी चार शब्दही बोलली नसती. पण अर्धा पुरावा तिच्याकडे, अर्धा त्याच्याकडे! समाजातल्या भिंती इतक्या जाड असताना एकट्या शोधकाने सगळीकडे शिरून यावे, हेच मला खोटे वाटते.

विषाचेही तसेच. सोमल म्हणजे आर्सेनिकचे विष, त्याला चव नाही, वास नाही. उलट्या-जुलाबांनी माणूस गेला की लोक पटकीने गेला म्हणत. १८३२ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाला कॉफीत सोमल सापडला, पण ज्यूरीपुढे नेईपर्यंत पुरावा म्हणून ठेवलेला सोमलाचा पिवळा साका (तळाशी बसलेला गाळ) बिघडला आणि आरोपी सुटला. ते जिव्हारी लागून त्याने नवी कसोटी शोधली आणि १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत तापवलेल्या काचनळीत सोमलाचा काळा, आरशासारखा चकचकीत थर बसतो. त्याआधीच्या काळातल्या कथेत मात्र पेज कोणी ढवळली, वाडगा घाईघाईने कोणी विसळला, हे ज्या मोलकरणीला आठवते तिच्यावाचून पान हलत नाही.

म्हणून शोधकाच्या हाती उद्याची विद्या आधीच दिली की मला राग येतो. रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे ओळखण्याची चाचणी १९०१ मधली. मध्ययुगातल्या वैद्याने ती करून कसे चालेल? तिची गरजही नाही. १२४७ मध्ये लिहिलेल्या एका चिनी ग्रंथात विळ्याने झालेल्या खुनाची हकीकत आहे. तपास अधिकाऱ्याने सगळ्या गावकऱ्यांचे विळे जमिनीवर मांडायला लावले. वरून सगळे सारखेच स्वच्छ. पण माशा येऊन बसल्या त्या एकाच विळ्यावर, आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. केवढे निरीक्षण आहे हे!

परीक्षण लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती. जोडीतला एक जण बाजूला काढून कथा मनात पुन्हा वाचून पाहावी. उकल तशीच्या तशी होत असेल, तर लेखकाला जरूर धारेवर धरावे. आणि खुनी कोण हे कृपया छापू नये. लेखात ज्या कथेचा शेवट सांगून टाकला आहे, ती माझ्या उशाशी अर्धी वाचून ठेवलेली आहे.

आपली,
एक जुनी वाचक