काका, माझी दहाही बोटं शाबूत आहेत

तळमजल्यावरच्या काकांना,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभार मानायला आलं की तुम्ही लगेच "टायरमधली हवा बघितलीस का?" असं काहीतरी विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. इथे तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

त्या रविवारी मी मोटारसायकल मेन स्टँडवर घेतली होती. इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, मागचं चाक आपसूक फिरतंय आणि मी फिरत्या चेनला फडकं लावून बसलेली. चाक हाताने फिरवायची कटकट नको म्हणून काढलेली ही युक्ती मला फार हुशारीची वाटत होती. तुम्ही जिन्यातूनच "बंद कर आधी ती!" म्हणून ओरडलात. खरं सांगते, रागच आला होता. तुम्ही जवळ आलात, किल्ली फिरवलीत, गाडी न्यूट्रल केलीत, माझ्या हातातलं फडकं घेतलंत आणि त्याचं टोक चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीच्या, मध्ये सोडून दुसऱ्या हाताने चाक जरासं ढकललंत. फडकं सर्रकन आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला दात्यांच्या अंतराने ओळीत भोकं पडली होती. "हे हाताने फिरवून. इंजिनाने फिरलं असतं तर?" एवढंच म्हणालात. मी काहीच बोलले नाही. ते फडकं अजून माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने. आता यात बदल नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्या बाकीच्या प्रतापांकडे वळलात. बाटलीत पेट्रोल होतं आणि हातात तारेचा ब्रश. तुम्ही चेन एका ठिकाणी वाकवून मला आतलं बारीक काळं रबर दाखवलंत, ती ओ-रिंग. पिन आणि तिच्याभोवतीची बारीक नळी, म्हणजे बुश, यांच्यामधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि चेनच्या बाजूच्या पट्ट्यांमध्ये बसवलेली ही रबरी कडी ते आत कोंडून ठेवते, बाहेरची धूळ-पाणी आत येऊ देत नाही. तारेच्या ब्रशने ती कापली जाते, पेट्रोलने खराब होते. एकदा ती गेली की आतलं ग्रीस जातं आणि ते परत भरायची सोय नाही. मी दोन वर्षं मन लावून स्वच्छतेच्या नावाखाली चेनचं आयुष्य कमी करत होते!

मग मी विचारलं होतं, ग्रीस आतच आहे तर वरून तेल कशाला? तुम्हाला तो प्रश्न आवडला असावा, कारण तुम्ही चक्क पायरीवर बसलात. बुशवर फिरणारा रोलर स्प्रॉकेटच्या दात्यांवर घासतो ती जागा कोरडी राहू नये, पट्ट्यांना गंज चढू नये आणि रबर सुकून कडक होऊ नये, म्हणून. त्याला पातळ थर पुरतो. मी ओतत होते ते जास्तीचं तेल चेनला लागत नव्हतंच, ते चाकाच्या रिमवर आणि टायरच्या कडेला उडत होतं. "टायरला तेल लागलं तर वळणावर कळेल," हे तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मला घाम फुटला.

रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं. काळा चिखल सुटून खालच्या ट्रेमध्ये पडायला लागला आणि पट्ट्यांवरचा ४२८ हा आकडा पहिल्यांदाच दिसला. त्यातला ४ म्हणजे अष्टमांश इंचात दोन पिनांमधलं अंतर, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, हेही तुम्ही सांगितलंत. याचा मला रोजच्या जगण्यात काडीचा उपयोग नाही, पण मी तो आत्तापर्यंत चार जणांना ऐकवला आहे.

तेल कुठे सोडायचं, हे मात्र रोज उपयोगी पडतं. खालून जाणाऱ्या चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने सरकत पट्ट्यांच्या फटींत जातं. फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना. रात्रभर तसंच राहू द्यायचं आणि निघण्यापूर्वी वरचं पुसून टाकायचं. मी दर ५०० किमीला करते, आणि पावसात भिजली की आकडा न बघता.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. तुमचं ९० नंबरचं गिअर ऑइल स्वस्त आहे, पुस्तिकेलाही चालतं, पण ते उडतं फार. मी स्प्रेच वापरणार. ब्रशच्या बाबतीत मात्र हरले. तीन बाजूंनी घासणारा खास ब्रश हौसेने घेतला, आणि कोपऱ्यात शेवटी तुमचा जुना टूथब्रशच पोचतो.

ताणाचा धडा तर मी विसरूच शकत नाही. चेन जितकी ताठ तितकी चांगली, अशी माझी समजूत होती. तुम्ही मला गाडीवर बसवलंत आणि स्वतः खाली वाकून चेन दाबून बघितलीत. माझ्या वजनाने गाडी खाली बसल्यावर उरलासुरला ढिलेपणाही संपला होता. अशी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगलाच ओढते. उलट फार सैल झाली तर उतरून चाक जाम करू शकते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चेन वर-खाली हलण्याचा खेळ २५ ते ३५ मिमी लिहिलाय. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार-पाच जागी मोजायचं आणि जिथे सर्वांत ताठ लागते तिथलं माप धरायचं. ताण बदलायला चाक मागे-पुढे सरकवलं की चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना बघायचं, ॲक्सलचा नट आवळायचा आणि मागचा ब्रेक दाबून बघायचा, कारण ड्रम ब्रेक असला की चाक मागे सरकल्यावर पेडलचा खेळ बदलतो. हे शेवटचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

परवा मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघितली. जवळजवळ अर्धा दाता उघडा पडतोय. ताणली म्हणतात, पण पट्ट्या लांबत नाहीत, शंभरावर पिना आणि बुश थोडे थोडे झिजतात त्याची ती बेरीज, हे तुमचंच वाक्य आठवलं. माझ्या त्या दोन वर्षांच्या पेट्रोलचा वाटाही त्यात असणार. आता चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे आहेत. येत्या रविवारी सकाळी करायचं म्हणते. रॉकेल मी आणते, ट्रे तुमचा. आणि जोडणीच्या कडीची क्लिप मी बसवणार, बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. तुम्ही फक्त पायरीवर बसून बघायचं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची