कपाटाची चावी मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर जवळ आला की शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिनाची तयारी सुरू होते. डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला २०१५ पासून आपल्या राज्यात हा दिवस पाळतात. टेबलावर पुस्तकं मांडली जातात, मुलं ओळीत बसून वाचतात, फोटो वर पाठवले जातात. दुसऱ्या दिवशी पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. मला या कुलपाबद्दल लिहायचं आहे, कारण बरीच वर्षं त्याची चावी माझ्याकडे होती.

मी एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होतो. सुरुवातीला मीही कपाट क्वचितच उघडायचो. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पडताळणीत पुस्तक कमी भरलं की ज्याच्या ताब्यात ग्रंथालय, त्याला विचारणा होते. अर्ध्या पगारात भरपाई कुठून करायची? जिथे ग्रंथपालाचं पदच नाही, तिथे हे काम एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं आणि तेही कपाट बंदच ठेवतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

माझी भीती गेली ती नववीतल्या एका मुलीमुळे. शाळा पाचला सुटायची, तिच्या वाडीची एसटी सव्वासहाला. मोफत पास होता, पण गाडी ती एकच. एका संध्याकाळी ती स्थानकात भिंतीवरची प्रवाशांसाठीची सूचना वाचत उभी होती. काय वाचतेस, विचारलं तर म्हणाली, “सर, हे पाठ झालंय आता.” मला रात्री झोप लागली नाही. शाळेत कपाटभर पुस्तकं आणि ही पोर भिंत वाचतेय! दुसऱ्या दिवशी मी तिला एक शिकारकथांचं पुस्तक दिलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलं आणि तिच्याबरोबर त्याच गाडीच्या आणखी दोघी आल्या.

त्यानंतर मी प्रत्येक वर्गाला एक पत्र्याची पेटी दिली. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली आणि नोंदवही वर्गातल्याच दोन मुलांकडे सोपवली. कोणी काय नेलं, कधी आणलं, ते तेच लिहीत. मी एकच पथ्य पाळलं: वाचून झाल्यावर सारांश, तात्पर्य, बोध काहीही विचारायचं नाही. नाही आवडलं तर अर्धं ठेवून दुसरं न्यावं. रहस्यकथा हवी असेल तर रहस्यकथाच द्यावी. सारांश मागितला की मुलं सगळ्यात बारीक पुस्तक उचलतात, हे मी पाहिलं आहे. पुस्तकं हरवली का? हरवली. बरीचशी दिवाळीत घर आवरताना सापडून परत आली, काही नाही आली. पण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान झालं ते बंद कपाटातल्या वाळवीनं.

आमच्या खानापूर तालुक्यात कितीतरी घरं गलाईवर चालतात. वडील तमिळनाडूत, केरळात, बंगालात सोनं-चांदी गाळतात. दहावी झाली की मुलगाही तिकडे जातो. म्हणजे अशा मुलाच्या हाती मराठी पुस्तक पडायची वर्षं आठवी, नववी, दहावी एवढीच. “दहावी होऊ दे, मग वाच,” असं म्हणणाऱ्या पालकांना मी विचारत आलो, मग तिकडे पुस्तक कोण देणार? माझा एक विद्यार्थी आता कोईमतूरला असतो. गावच्या यात्रेला आला की माझ्याकडून दिवाळी अंकांची पिशवी भरून नेतो. आणि दहावीच्या मराठीच्या पेपरातही अपठित उतारा असतोच, तो गाईड पाठ करून सुटत नाही.

शाळांच्या सहली भिलारला जातात. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली असतात, कोणीही जाऊन उचलावं, बसून वाचावं. ते बघून आलेल्या मुलांना आपल्या शाळेचं कुलूप खटकत नसेल का?

माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे की रोजच्या वापरात हरवलेलं पुस्तक शिक्षकाच्या अंगावर टाकू नये, रीतसर ठराव करून ते नोंदवहीतून कमी करावं. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाशी बोलून पंधरवड्याला पेटीतली पुस्तकं बदलावीत. पैसे नसतील तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, तिथून सुरुवात करावी.

आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही शाळेनं बोलावलं तर कपाटातली पुस्तकं पेट्यांत लावून द्यायला आणि मुलांना नोंदवही शिकवायला मी येईन. खाकी कागद आणि खळ घेऊन येईन.

– एक निवृत्त अर्धवेळ ग्रंथपाल, ता. खानापूर, जि. सांगली