व्यसनमुक्तीत चांगल्या सवयींचाही क्रम असतो

संपादक महोदय,

व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना ‘पहाटे उठा, व्यायाम करा, सकस खा, ध्यान करा’ असा सल्ला आरोग्यविषयक लेखांतून वारंवार दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. मात्र कोणी, कधी आणि किती हे त्यात सांगितलेले नसते, आणि व्यसनाच्या बाबतीत सगळे त्यावरच अवलंबून असते. चौथ्या आठवड्यात उपयोगी पडणारी गोष्ट चौथ्या दिवशी अपाय करू शकते. व्यसनमुक्तीच्या उपचारांत काम करणारे म्हणून आम्हाला हा क्रम वाचकांसमोर ठेवावासा वाटतो.

पहिली गोष्ट धोक्याची. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना नसलेल्या गोष्टी दिसू-ऐकू लागतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळेनासे होते. वेळेत उपचार झाले नाहीत तर ही अवस्था जीवघेणी ठरते. बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या तरी असेच होऊ शकते. या दिवसांत थंड पाण्याची आंघोळ, उपवास, फळांच्या रसावर राहणे किंवा ‘घाम गाळून विष बाहेर काढणे’ असले प्रयोग करू नयेत. या आठवड्यात डॉक्टरांची देखरेख हवी, औषधे वेळेवर हवीत आणि घोट घोट पाणी पोटात जायला हवे. बाकी काही नको.

याच दिवसांत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, फार कमी उरलेले असते. ते अगदीच कमी पडले की माणूस गोंधळतो, चालताना अडखळतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाचे दोन दिसतात. घरच्यांना वाटते, अजून उतरलेली नाही. खरे तर ही मेंदूची तातडीची अवस्था असते आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. खराब झालेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून थायमिन इंजेक्शनने देतात, आणि ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत देतात. शेजारच्या दवाखान्यात ‘अशक्तपणासाठी’ सलाईन लावून घेण्यापूर्वी रुग्ण रोज किती पितो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजेपोटी ते लपवले तर जबर किंमत मोजावी लागू शकते. तसेच आठ-दहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल, तर पहिल्याच दिवशी भरपेट जेवण वाढू नये. उपाशी शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरते आणि त्याचा ताण हृदयावर येतो.

हा टप्पा पार पडला की सवयींची पाळी येते. सुरुवात जेवणापासून करावी. दारूच्या एका ग्रॅममधून सुमारे 7 कॅलरी मिळतात, पोषण मात्र शून्य. त्यातच यकृत दारू निस्तरण्यात गुंतलेले असताना नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. त्यामुळे पिणाऱ्याला भुकेची खूण ओळखण्याची सवयच राहिलेली नसते. पोटात खड्डा पडला, चिडचिड झाली, हात कापले की त्याला ती तलफ वाटते. म्हणून दर तीन ते चार तासांनी काहीतरी खावे, आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिने असावीत. पूर्वी ज्या वेळी प्यायला बसायचे, त्याच्या तासभर आधीचे खाणे तर कधीच चुकवू नये. भरल्या पोटी तलफ येतच नाही असे नाही, पण भुकेची तलफ तरी टळते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत गोड खावेसे फार वाटते. मधुमेह नसेल तर त्यावरून घरात भांडण काढू नये, एका वेळी एकच लढाई पुरे. सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचे कडक होण्याचा विकार, झालेल्यांनी प्रथिने कमी करावीत हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. त्यांना दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनाला 72 ते 90 ग्रॅम प्रथिने लागतात आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही लागते, कारण रात्रभराच्या उपाशीपणात त्यांचे स्नायू झिजतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

सर्वांत जास्त घसरणी झोपेपायी होतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. दारू थांबल्यावर झोपेची घडी लगेच बसत नाही. काही आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने ती विस्कटलेलीच राहते. आजवर दाबलेली स्वप्नांची झोप उसळून वर येते, आणि पीत असल्याची इतकी स्पष्ट स्वप्ने पडतात की माणूस अपराधी वाटून दचकून उठतो. अशी स्वप्ने पडणे म्हणजे मन पुन्हा दारूकडे वळले असे मुळीच नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. गांजा सोडणाऱ्यांनाही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असाच अनुभव येतो.

उपाय सांगायला सोपा आणि पाळायला कठीण आहे. झोपण्याची वेळ ठरवू नये, उठण्याची ठरवावी. साडेसहा ठरली तर रात्री तीनला डोळा लागला असला तरी साडेसहालाच उठावे. इथे घरची माया आडवी येते. ‘रात्रभर तळमळलाय, झोपू दे’ म्हणून दहापर्यंत झोपू दिले की पुढची रात्रही बिघडते. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात जावे. दुपारची डुलकी घ्यायचीच तर तीनच्या आत आणि वीस-तीस मिनिटांची. रात्री डोळे जडावल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठावे, मंद उजेडात खुर्चीवर बसून काहीतरी कंटाळवाणे वाचावे, झोप आली की परत जावे. घड्याळ नजरेआड ठेवावे आणि फोन दुसऱ्या खोलीत. पहिला आठवडा यामुळे अधिकच थकवणारा जातो, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. फिट येण्याचा इतिहास किंवा बायपोलर आजार असेल तर झोपेत असे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. कोकेन किंवा मेथसारखे उत्तेजक पदार्थ सोडणाऱ्यांचे गणित मात्र उलटे असते. ते पहिला आठवडाभर खूप झोपतात, खूप खातात. त्यांना झोपू द्यावे, वेळापत्रक नंतर लावावे.

चहा-कॉफीबद्दल एक बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. सिगारेट किंवा विडीच्या धुरातले काही घटक यकृतातले एक एन्झाइम जोरात कामाला लावतात आणि त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन भराभर निघून जाते. धूम्रपान थांबले की काही दिवसांतच हा वेग मंदावतो. कप तेवढेच, पण रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट. मग छातीत धडधडते, जीव घाबरतो, झोप उडते, आणि सगळ्याचे खापर ‘सिगारेट सोडली म्हणून’ असे फुटते. धूम्रपान सोडताना चहा-कॉफी पहिल्याच आठवड्यात निम्मी करावी आणि दुपारनंतर बंद ठेवावी. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे, म्हणून निकोटिनचा पॅच लावला तरी तो टळत नाही. तंबाखू चघळणाऱ्याला तो लागू नाही. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधे घेणाऱ्यांनी धूम्रपान सोडण्याआधी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे, कारण या औषधांचीही रक्तातली पातळी याच कारणाने वाढते.

व्यायामाचे माप लेखांत बहुधा फार मोठे दिलेले असते. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. सुरुवात दिवसातून दोनदा दहा मिनिटे चालण्याने करावी, आणि त्यातले एक चालणे तलफेच्या नेहमीच्या वेळी ठेवावे. दहा-पंधरा मिनिटे झपाझप चालल्याने सिगारेटची तलफ तेवढ्यापुरती उतरते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात उत्साह संचारतो आणि माणूस जिममध्ये दोन-दोन तास घालू लागतो. मग स्नायू दुखावतो, व्यायाम बंद पडतो आणि रिकामी संध्याकाळ परत येते. वेदनाशामक गोळ्या हातात येतात ते वेगळेच, आणि अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्याला तीच वाट नेमकी घातक. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या पावलांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. त्यांनी मापाचे बूट घालावेत आणि रोज रात्री तळवे पाहावेत, कारण फोड आला तरी त्यांना दुखत नाही. चालताना दम लागत असेल किंवा पायांना सूज असेल, तर व्यायामाआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

तलफ कायम टिकत नाही. ती चढते, शिखर गाठते आणि बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिच्याशी झुंजण्याऐवजी लाटेवर तरंगावे तसे, ती शरीरात कुठे जाणवते ते पाहत राहण्याची पद्धत रुजवली. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या स्वयंसहाय्य गटाच्या सभांतून भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी तपासायला सांगतात, तेही अचूक आहे. ‘मन रमवा’ असे म्हणून मात्र भागत नाही. काम संपल्यापासून जेवणापर्यंतच्या तीन तासांत कुठे, कोणासोबत, काय करायचे हे सकाळीच लिहून ठेवावे लागते.

सवयी लागल्या की ‘आता गोळ्या कशाला?’ असे घरातले विचारू लागतात. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे घेणाऱ्याने योग-ध्यानाच्या भरवशावर ती थांबवणे जिवावर बेतू शकते. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे औषध, घेणाऱ्याने माउथवॉश, खोकल्याची औषधे आणि शक्तिवर्धक म्हणून घेतली जाणारी टॉनिके यांत अल्कोहोल आहे का हे वाचून पाहावे. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही दारूची प्रतिक्रिया येऊ शकते.

असे लेख छापताना पहिल्या आठवड्याच्या धोक्याची सूचना आपण ठळक चौकटीत द्यावी, ही विनंती. तिच्यासोबत आणखी एक ओळ हवी: हेरॉइनसारखा अफूजन्य पदार्थ काही आठवडे बंद राहिला की शरीराची सहनशक्ती घटते, आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. उपचार संपवून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे. जिथे नालोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थाच्या जादा डोसवरचा उतारा, मिळते तिथे ते घरात असावे आणि ते कसे द्यायचे हे घरच्यांना माहीत असावे.

एखादे वेळी पाय घसरलाच, तर ‘आता गेलेच सगळे’ हा विचार पहिल्या पेल्याहून जास्त नुकसान करतो. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी उठावे, खावे आणि त्याच दिवशी समुपदेशकाला कळवावे. रोजच्या नोंदींची वही ठेवली असेल आणि तिच्यात मागचे पाच-सहा दिवस पाहिले की बहुतेकदा दिसते, आधी झोप बिघडली होती, मग जेवण चुकू लागले होते. त्यासाठी रोज रात्री पाचच खाने भरावेत: उठण्याची वेळ, जेवणे, चालणे, चहा-कॉफीचे कप आणि दिवसभरात ज्याच्याशी मोकळे बोललो तो माणूस. सलग तीन दिवस यातले दोन खाने रिकामे राहिले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांची भेट अलीकडे घ्यावी.

आपले,
व्यसनमुक्ती उपचारांत काम करणारे समुपदेशक व आहारतज्ज्ञ