पैसा डोहांना द्या, आणि दुष्काळाआधी द्या

मा. संपादक,
स. न.

कॅलिफोर्नियात २०२३ पासून सलग तीन वर्षं सॅमन माशाची व्यावसायिक मासेमारी बंद राहिली. दुष्काळात आटलेलं, तापलेलं पाणी हे त्याचं एक मोठं कारण. दरवेळी धावपळ होते ती पिल्लं टँकरमधून हलवण्याची. मासे तेवढ्यापुरते वाचतात, ओढा होता तसाच राहतो.

कोहो या सॅमनच्या जातीचंच घ्या. हिवाळ्यात मादी खडीत अंडी घालते, वसंतात पिल्लं निघतात आणि पुढच्या वसंतात समुद्राकडे जातात. मधला अख्खा उन्हाळा ओढ्यातच काढायचा. ओढा तुटला की मासा डोहात तगतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण कॅलिफोर्नियात पात्रात पडलेली झाडं वर्षानुवर्षं उचलून नेली आणि डोह बुजले.

नुसता जेसीबीने खोदलेला डोह पुरात गाळाने भरतो. त्याला मुळांसकट ओंडका लागतो: मुळांचं जुडगं प्रवाहाकडे, उरलेला भाग काठात खोल गाडलेला किंवा उभ्या झाडांत अडकवलेला. पुराचं पाणी जुडग्याखाली घुसळतं आणि तळ आपसूक खणतं. सैल ओंडका मात्र वाहत जाऊन पुलाला अडकतो.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्कॉट नदीच्या खोऱ्यात बीव्हरच्या (फांद्यांनी ओढे अडवणाऱ्या प्राण्याच्या) बांधांसारखे बांध घालतात. लाकडी खुंट ठोकायचे, त्यांत वाळुंजाच्या फांद्या विणायच्या. पाणी थबकून जमिनीत मुरतं. खुंट उथळ राहिले तर पाणी खालून किंवा कडेने वाट काढतं. म्हणून दर पावसाळ्यानंतर (तिथे तो हिवाळ्यात असतो) डागडुजी हवीच. ऑगस्टमध्ये तर एका शेतपंपानेही छोटा डोह रिकामा होतो. शेतकऱ्याला टाकी द्यावी, ती त्याने हिवाळ्यात भरावी आणि उन्हाळ्यात उपसा थांबवावा.

क्लॅमथ नदीवरची ४ धरणं २०२४ मध्ये पाडून झाली. त्यासाठी सुमारे ४५ कोटी डॉलर जमले, आणि ते योग्यच झालं. छोट्या ओढ्यांची कामं मात्र अनेकदा ‘आधी खर्च करा, मग बिलं लावा’ या अटीत अडकतात. गावातल्या संस्थेकडे एवढं भांडवल कुठलं? पात्रात यंत्र उतरवायची परवानगी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच. मंजुरी सप्टेंबरात आली की वर्ष गेलं. कोहो बहुतेक तिसऱ्या वर्षी परततो, त्यामुळे एका उन्हाळ्यात मेलेल्या पिढीची तूट ३ वर्षांनी पुन्हा दिसते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी हवामान आणि पाण्याच्या कामांसाठी १,००० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. तिथल्या मराठी मतदारांनी आपल्या आमदाराला दोन ओळी लिहाव्यात: ओढ्यांच्या कामाला काही रक्कम आगाऊ द्या, आणि बांधांच्या डागडुजीचा खर्च मूळ अनुदानातच धरा.

– नदी पुनरुज्जीवनाच्या कामातले काही वाचक