हाडावरचे ओरखडे काय सांगतात?

मा. संपादक,
प्रागैतिहासिक हाडांच्या अवजारांविषयीच्या बातम्यांत ‘हे अमुक कामासाठी वापरत’ असे ठामपणे लिहिलेले असते, पण ते कशावरून ठरले हे क्वचितच छापले जाते. खरे शास्त्र तर तिथेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेचेच पाहा. तिथल्या सुमारे १८ ते १० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत टोके झिजून गुळगुळीत झालेले लांब हाडांचे तुकडे आणि शिंगांचे गाभे सापडले. संशोधक बॉब ब्रेन आणि पॅट शिपमन यांच्या मते ते कंद उकरण्यासाठी होते. प्रयोगात हाडाने जमीन उकरली की टोक तसेच गोलसर होई. पण नुसता गोलवा पुरावा ठरत नाही. तरसाच्या पोटातल्या आम्लाने किंवा वाहत्या पाण्यातल्या वाळूनेही हाड गुळगुळीत होते.

२००१ मध्ये ल्युसिंडा बॅकवेल आणि फ्रान्चेस्को देरिको यांनी म्हणून ओरखडेच तपासले. दातांचा साचा घ्यायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाने टोकांचे ठसे घेतले, त्यांत रेझिन ओतून प्रतिकृती केल्या आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मग नव्या हाडांनी कंद उकरले, कातडी खरवडली, वारुळे फोडली. कंद उकरलेल्या हाडावर जाडबारीक ओरखडे वाटेल त्या दिशेने उमटले, कारण साध्या मातीत खडेही असतात. वारुळाची माती बारीक, एकसारख्या कणांची. त्यामुळे तिथे अरुंद, हाडाच्या लांबीला समांतर रेघा आल्या. स्वार्टक्रान्सच्या टोकांवर अशाच रेघा होत्या, ५ ते ४० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसाहूनही बारीक. वाळवीसाठी वारूळ फोडणे हा निष्कर्ष त्यातून आला आणि आम्हाला तो पटतो. पण शेवटच्या वापराच्या रेघा आधीच्या पुसून टाकतात. त्याच हाडाने पूर्वी दुसरे कामही झाले असेल.

अवजारे कोणी वापरली, हे यातून कळत नाही. पॅरान्थ्रोपस (मानवकुळाची नामशेष झालेली एक शाखा) आणि आद्य होमो (आपल्याच होमो गटातले आरंभीचे मानव), दोघांचेही अवशेष त्या गुहेत सापडले आहेत.

उत्खननावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक कळकळीची विनंती. टोकदार हाड दिसले तर ते ताठ ब्रशने घासू नका, ठसा घेण्याआधी त्यावर व्हार्निशही लावू नका. ब्रशची रेघ ताजी असते, पण वाळूचे कण अडकले असतील तर ती जुन्या रेघेत मिसळते. व्हार्निश तर बारीक रेघा बुजवूनच टाकते.

पुरातत्त्वाचे दोन अभ्यासक, पुणे